ओह्रिद : दोन दिवसांत उरकावं की आठवडा द्यावा?

कृष्णाकाठ | ४ जुलै, २१:१२

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरमध्ये सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला येताहेत. पॅरिस, स्वित्झर्लंड मागच्या खेपेला झालं. ह्या वेळी कुठे जायचं म्हणून विचारलं, तर बाबांनी एका दमात उत्तर मॅसेडोनिया ह्या देशातल्या ओह्रिदचं नाव घेतलं. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. स्लाव लोकांची लिपी, बायझंटाइन चित्रं, उस्मानी तुर्कांच्या काळातली घरं, सगळं एका तळ्याकाठच्या गावात बघायला मिळतं हे त्यांनी कधीचं डोक्यात ठेवलेलं. आईची मागणी साधी : पाणी जवळ हवं, फार चढउतार नको आणि दोन वेळा शाकाहारी जेवण मिळायला हवं. तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

ऑफिसातला मित्र म्हणतो, ओह्रिद दोन दिवसांत उरकतं, बाकीचे दिवस आल्बानियात घाला. बायकोचं मत, त्यापेक्षा स्लोव्हेनियातलं ब्लेड तळं बरं, गाडीने जाता येईल. मला बाबांचं मन मोडायचं नाहीये, पण आईचे हालही व्हायला नकोत. हाताशी आठवडा आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भटक्या_विनू | ४ जुलै, २१:४०

ओह्रिद झकासच आहे. पण आठवडा? नको रे बाबा. पहिल्या दिवशी जुनं गाव, किल्ला, कानेओचं ते फोटोतलं चर्च. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वेती नाऊम मठ, संध्याकाळी काठावर जेवण. झालं. उरलेल्या दिवसांत स्कोप्येजवळची मात्का घळ कर, बितोलाला हेराक्लेया ह्या प्राचीन शहराची मोझेक बघ, मग आल्बानियाची राजधानी तिराना. बाल्कन म्हणजे फिरतं राहण्याचा प्रदेश, सगळं जवळजवळ आहे. चर्चेस तर तिसऱ्यानंतर सगळी सारखीच दिसतात.

इरावती_स | ४ जुलै, २२:२५

विनू, शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

सारखी दिसतात कारण आपण आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर येतो. पेरिव्लेप्तोसचं चर्च घे. वरच्या दरवाज्याजवळ, बाहेरून साधं, विटांचं. आतली भिंतीवरची चित्रं १२९५ सालची. काढणारे दोघं तरुण, मिखाएल आणि एवतिखी. त्या काळी चित्रकार नाव लावत नसत, देवाचं काम म्हणून करत. ह्या दोघांनी आपली नावं योद्धे संतांच्या शस्त्रांवर आणि कपड्यांच्या कडांवर नक्षीसारखी लिहून ठेवली. आम्हाला तिथल्या बाईंनी विजेरीच्या उजेडात तलवारीच्या पात्यावरची अक्षरं दाखवली. एकदा ती दिसली की माणूस बाकीच्या भिंती वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक बघ. त्या बायकांचे चेहरे धार्मिक ठोकळे नाहीत, घरात माणूस गेल्यावर दिसतात तसे आहेत. इटलीत जोत्तो ह्या चित्रकाराने पादुआची चित्रं रंगवायला घेतली, त्याच्याही काही वर्षं आधीचं हे काम आहे.

मग सेंट सोफिया. तिथली चित्रं ११व्या शतकातली. तुर्कांच्या काळात तिची मशीद झाली, चित्रांवर चुन्याचा हात फिरला, आणि १९५०च्या दशकात तो चुना काळजीपूर्वक काढला तेव्हा चित्रं परत वर आली. उन्हाळ्यात तिथे मैफली होतात, ओह्रिदचा हा महोत्सव १९६१ पासून चालू आहे. सप्टेंबरमध्ये तो संपलेला असेल, पण आत नुसतं बसलं तरी आवाज कसा घुमतो ते कळतं.

वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशी ३६५ चर्चेस होती असं गावात सांगतात. तेवढी बघायला कुणी सांगत नाही. तीन बघा, पण नीट. कृष्णाकाठ, तुझ्या बाबांसारख्या माणसाला दोन दिवसांत तिथून ओढून काढू नकोस.

माझा कौल : पूर्ण आठवडा ओह्रिद.

चिंतामणी७ | ४ जुलै, २२:३१

वाचतोय. इरावतीताई, तलवारीवरच्या सहीचा फोटो असेल तर टाका की.

इरावती_स | ४ जुलै, २२:३८

आत फोटो काढू देत नाहीत, चिंतामणी. आणि ते बरंच आहे.

पक्षीवेडा | ५ जुलै, ०७:५५

चर्चांवर भांडा खुशाल. मूळ तळ्याबद्दल कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी लिहितो.

ब्लेडशी तुलना निघालीच आहे तर आधी ती मिटवू. ब्लेड हिमनदीने कोरलेलं, हिमयुग ओसरल्यावर भरलेलं तळं. सुंदर आहे, खोली तीसेक मीटर. जगातली बहुतेक तळी अशीच, काही हजार वर्षांची. ती गाळाने भरत जातात आणि संपतात. ओह्रिद संपलं नाही. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने तळाशी साडेपाचशे मीटरपेक्षा खोल भोक पाडून गाळ वर काढला. त्यावरून तळ्याचं वय सुमारे १३.६ लाख वर्षं निघालं. जमीन खाली खचत गेली म्हणून गाळ साचूनही ते भरलं नाही. आजही सर्वात खोल जागी २८८ मीटर पाणी आहे.

एवढा काळ एकच तळं टिकलं म्हणून त्यात २०० पेक्षा जास्त जाती अशा आहेत ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत : गोगलगायी, स्पंज, शेवाळी, मासे. माणूस फक्त ट्राउट माशाचं नाव ऐकतो, पण खरी गंमत बारक्या गोगलगायींमध्ये आहे.

आणि पाणी येतं कुठून? पलीकडच्या बाजूला, गालिचित्सा डोंगराच्या मागे प्रेस्पा नावाचं दुसरं तळं आहे, ओह्रिदपेक्षा सुमारे दीडशे मीटर उंचीवर. त्याला वरून वाहून जायला नदीच नाही. डोंगर चुनखडीचा. पाणी आतल्या भेगांतून झिरपत येतं आणि ओह्रिदच्या दक्षिण टोकाला, स्वेती नाऊम मठाशी, झऱ्यांच्या रूपाने उसळतं. ओह्रिदचं निम्मं पाणी अशा झऱ्यांचं. तिथे वल्ह्याच्या होडीतून नेतात. इंजिनाची बोट नाही, त्यामुळे आवाज नाही. नावाड्याने होडी थांबवली की खाली बघायचं. तळाची वाळू ठिकठिकाणी खदखदत असते, बुडबुडे एका रेषेत वर येतात, आणि पाणी इतकं नितळ की खोली किती याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. पाण्यात हात घातला तर ऐन उन्हाळ्यातही बोटं बधिर होतात.

हे दोन दिवसांच्या धावपळीत बघून होतं, पण पोचत नाही. आठवड्याच्या बाजूने माझंही मत.

भटक्या_विनू | ५ जुलै, ०९:१०

पक्षीवेडा, हे झऱ्यांचं मला ठाऊकच नव्हतं, मस्त लिहिलंय. मठात आम्ही मोरच बघत बसलो. अंगणात, भिंतीवर, चर्चच्या छतावर मोर. मुलगी म्हणाली, बाबा हे आपल्याकडून आलेत का?

पक्षीवेडा | ५ जुलै, ०९:२२

मुलीला शाबासकी दे. निळा मोर मूळचा भारतीय उपखंडातलाच. ग्रीक-रोमन काळापासून युरोपात पाळतात, आणि ख्रिस्ती लोकांनी त्याला अमरत्वाचं चिन्ह मानलं, म्हणून मठाच्या अंगणात तो शोभतो.

मुक्ता_ले | ५ जुलै, ११:०४

कृष्णाकाठ, आईंच्या जेवणाची काळजी सोडून द्या. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, आणि मजेत जेवले.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास भरपूर असतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काही चालत नाही. म्हणून उपासाचे पदार्थ तिथल्या स्वयंपाकात मुरलेले आहेत. हॉटेलात "पोस्नो" म्हणून सांगा, त्यांना लगेच कळतं. फक्त मासे त्यात कधी कधी चालतात, ते वेगळं स्पष्ट करा.

तावचे ग्रावचे तर मागवाच. मोठा पांढरा घेवडा आधी शिजवून, कांदा-लाल मिरची-पुदिना घालून मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजतात. वर साय धरल्यासारखी खरपूस कड येते. सोबत गरम पाव. काही ठिकाणी त्यात सॉसेज घालतात, म्हणून आधी विचारून घ्या. आयवार म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची चटणी. सप्टेंबरमध्ये जाताय ना, तेव्हा गावभर मिरच्या भाजल्याचा वास असतो. घराघरांच्या अंगणात लोक पोत्यांनी मिरच्या आणतात, भाजून, सोलून, मोठ्या कढयांमध्ये तासन्‌तास ढवळत बसतात. आमच्या घरमालकीणबाईंनी मला ढवळायला बसवलं होतं आणि निघताना बरणी दिली.

ओह्रिदचाच म्हणून एक पदार्थ आहे, ग्योमलेझे. पिठाचे पातळ थर एकावर एक टाकत, वर निखाऱ्यांचं झाकण ठेवून भाजायचं. वेळखाऊ असल्याने सगळीकडे मिळत नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं. दही घेऊन खातात. आईंना नक्की आवडेल.

चिंतामणी७ | ५ जुलै, ११:१५

आता भूक लागली. ऑफिसात डब्यात दुधी आहे.

रानफूल | ५ जुलै, १३:४८

गुडघ्यांबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आणि त्यांना घेऊन गेले होते.

जुनं गाव टेकडीवर आहे आणि गल्ल्या दगडी फरसबंदीच्या. पावसानंतर निसरड्या होतात. खालून चढत गेलात तर आईंचे हाल होतील. उलटं करा. टॅक्सीने थेट वरच्या दरवाज्यापाशी जा. तिथे इरावती म्हणतात ते पेरिव्लेप्तोस आणि समोरच आयकॉनचं, म्हणजे संतांच्या पूजेच्या चित्रांचं, संग्रहालय. बाबांना सामुइल राजाच्या किल्ल्यावर जायचं असेल तर आईंना खाली झाडाखाली बसवा, तटावर चढायला उंच पायऱ्या आहेत आणि कठडे सगळीकडे नाहीत. तिथून रमतगमत उतारावर प्लाओश्निक ही जुन्या मठाची जागा, मग पाइनच्या झाडांतून कानेओ. शेवटचा टप्पा जरा तीव्र आहे, काठी असू द्या. कानेओच्या पायथ्याशी छोट्या होड्या असतात, त्या परत बंदरावर आणून सोडतात. म्हणजे चढ एकही नाही, आणि १३व्या शतकातलं ते चर्च पाण्यातून वर बघायला मिळतं. ज्या कोनातून सगळे फोटो काढतात त्यापेक्षा मला हाच जास्त आवडला.

राहायला मात्र जुन्या गावात घेऊ नका. दिसायला ती घरं फार देखणी, वरचे मजले गल्लीवर पुढे झुकलेले, रस्त्यावरचे दिवेसुद्धा त्याच घरांच्या आकाराचे. पण सामान घेऊन चढायचं म्हणजे शिक्षा. बंदराजवळ किंवा बाजारपेठेजवळ सपाटीवर घ्या. संध्याकाळी आईंना काठावरून हवं तेवढं चालता येईल.

कोथरूडचे_आजोबा | ५ जुलै, १७:३०

चिरंजीव कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांची निवड वाचून आनंद झाला. एका शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचं कळतं.

त्यांना सांगा, प्लाओश्निक हे ह्या सगळ्या प्रवासाचं गर्भगृह समजा. स्लाव लोकांना लिपी देणारे सिरिल आणि मेथोडियस, त्यांचे शिष्य क्लेमेंट ८८६ साली ह्या भागात आले. त्यांना मोराविया देशातून हाकलून दिलेलं होतं. प्रार्थना लॅटिन किंवा ग्रीकमध्ये न करता लोकांच्या बोलीत करावी, हा त्यांचा आग्रह. ८९३ मध्ये क्लेमेंट यांनी प्लाओश्निकला मठ उभारला. पुढे सोबती नाऊमही येऊन मिळाले. दोघांनी मिळून शिक्षक आणि धर्मगुरूंच्या पिढ्या घडवल्या. नाऊम यांनी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ९०५ साली आपला मठ बांधला. आपल्याकडे ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली, त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे. लोकांच्या भाषेसाठी झगडणारी माणसं मला कुठल्याही देशातली असोत, आपली वाटतात.

आज तिथे दिसतं ते चर्च नव्याने, २००२ मध्ये उभं राहिलेलं आहे, जुन्या पायावर. तुर्की अमलात मूळ जागी मशीद झाली तेव्हा क्लेमेंटचे अवशेष लोकांनी पेरिव्लेप्तोसमध्ये नेऊन जपले. नव्या चर्चमध्ये ते पुन्हा मूळ जागी आणले. नाऊमच्या मठात त्यांची समाधी आहे. भाविक दगडाला कान लावतात, संताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात अशी श्रद्धा. मुसलमान बेक्ताशी पंथाचे लोकही तिथे येत आलेत, ते नाऊमला आपला संत सारी साल्तुक मानतात.

आणि स्त्रुगाला विसरू नका. ओह्रिदपासून पंधरा किलोमीटर. तळ्यातून काळी द्रिम नदी बाहेर पडते ती स्त्रुगा गावाच्या मधोमध. तिथे १९६० च्या दशकापासून कवितेचा मोठा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो, नदीच्या पुलावर उभं राहून कवी वाचतात आणि दोन्ही काठांवर लोक ऐकतात. त्यांचा सुवर्ण-पुष्पहार १९८३ साली आपल्या हिंदीतल्या अज्ञेयांना मिळाला.

भटक्या_विनू | ५ जुलै, १८:०२

आजोबा, साष्टांग. एक व्यवहारी सल्ला जोडतो. क्लेमेंट आणि सामुइल हे बल्गेरियन की मॅसेडोनियन ह्या वादात तिथे बाबांना पडू देऊ नका. ह्याच इतिहासाच्या आणि भाषेच्या मुद्द्यावर बल्गेरियाने २०२० मध्ये मॅसेडोनियाची युरोपियन युनियनशी बोलणी अडवून धरली होती. आमच्या टॅक्सीवाल्याला मी सहज विचारलं, तर स्त्रुगा येईपर्यंत तो बोलतच होता.

इरावती_स | ५ जुलै, १८:२०

उलट मी म्हणेन, विचारावं आणि ऐकून घ्यावं. देशाचं नाव बदलावं लागलेली माणसं आहेत ती. २०१८ मध्ये शेजारच्या प्रेस्पा तळ्याकाठी ग्रीसबरोबर करार झाला आणि २०१९ पासून देश "उत्तर" मॅसेडोनिया झाला. त्यांच्यासाठी इतिहास शाळेत संपलेला नाही. फक्त आपण निवाडा देऊ नये.

नियमपुस्तक | ५ जुलै, २०:४५

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. उत्तर मॅसेडोनिया शेंगेनमध्ये नाही. वैध मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसावर भारतीयांना थोड्या दिवसांसाठी प्रवेश देतात, पण दिवसांची मर्यादा आणि अटी तिकीट काढण्याआधी त्यांच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर वाचा, हे नियम बदलत असतात. सिंगल एंट्री असेल तर बाहेर पडल्यावर परत जर्मनीत येता येणार नाही. आल्बानियाचे नियम वेगळे, तेही वेगळे तपासा. चलन देनार, साधारण ६१ देनारला एक युरो. चर्चची छोटी तिकिटं रोख घेतात.

ऑलिव्ह | ५ जुलै, २३:१९

थोडं विषयांतर. बाल्कनमधलं तळ्याकाठचं ऐतिहासिक गाव हवं असेल तर ग्रीसमधलं योआनिना विचारात घ्या. शेंगेनच आहे, व्हिसाची कटकट नाही. तटबंदीचं गाव, चांदीकाम, आणि तळ्यातल्या बेटावर उस्मानी काळातला तिथला सत्ताधीश, तेपेलेनचा अली पाशा १८२२ मध्ये मारला गेला ती खोली. जमिनीतली गोळ्यांची भोकंही दाखवतात.

पक्षीवेडा | ६ जुलै, ०७:४०

ऑलिव्ह, योआनिना छान आहे, पण तळ्याचं पाणी हिरवट. ओह्रिदचं बघितलं की मन तिथे रमत नाही.

सोनसाखळी | ६ जुलै, १०:१०

ओह्रिदचे मोती घ्यावेत का? खरे असतात का?

रानफूल | ६ जुलै, १०:५२

शिंपल्यात तयार झालेले नव्हेत, हाताने केलेले असतात. तळ्यातल्या प्लाशित्सा नावाच्या छोट्या चंदेरी माशाच्या खवल्यांपासून लुकण बनवतात, आणि शिंपल्याच्या मण्यावर त्याचे थरावर थर चढवून वाळवतात. लुकणाची कृती तालेव आणि फिलेव ह्या दोन घराण्यांनी जपून ठेवलेली आहे. गावात प्रत्येक दुसरं दुकान "अस्सल" म्हणून विकतं, त्यात प्लॅस्टिकही खपवतात. मला एका दुकानदाराने तसलाच सर दाखवला, नखाने घासल्यावर रंग निघाला. प्रमाणपत्र मागा, आणि जिथे कारागीर समोर काम करताना दिसतो तिथून घ्या. सासूबाईंनी कुड्या घेतल्या, साडीवर फार सुरेख दिसतात.

भटक्या_विनू | ६ जुलै, ११:३०

मोती झाले, आता मासे. ओह्रिदचा ट्राउट खाल्ल्याशिवाय जाऊ नका हे शाकाहारी नसलेल्यांसाठी.

पक्षीवेडा | ६ जुलै, १२:१५

विनू, इथे मी अडवणार.

तो ट्राउट ह्या तळ्याबाहेर कुठेच नाही. इतका उपसला गेला की २००४ मध्ये मॅसेडोनियाच्या बाजूला त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. हॉटेलात मिळतो तो बहुधा पाळलेला असतो, पण तसं विचारून खात्री करा. कुणी कानात येऊन "तळ्यातला आहे" म्हणालं, तर तो मागवू नका.

ईल माशाचंही तसंच. पूर्वी ओह्रिदचे ईल काळ्या द्रिममधून एड्रियाटिक समुद्रात आणि तिथून अटलांटिक ओलांडून सार्गासो समुद्रात अंडी घालायला जात, आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं तेवढाच प्रवास करून परत येत. १९६० च्या दशकात नदीवर धरणं झाली आणि ती वाट बंद पडली. आता पिल्लं बाहेरून आणून सोडावी लागतात.

तळं जागतिक वारसा आहे : निसर्गासाठी १९७९, संस्कृतीसाठी १९८०, आणि आल्बानियाचा भाग २०१९ मध्ये जोडला. पण काठावरची बेकायदा बांधकामं, सांडपाणी, आणि १९६२ मध्ये वळवून तळ्यात सोडलेली सातेस्का नदी, जी गाळ आणि शेतातली खतं घेऊन येते, ह्या सगळ्यामुळे २०२१ मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत जाता जाता राहिलं. ह्या तळ्यातलं पाणी पूर्ण बदलायला सुमारे सत्तर वर्षं लागतात. आज जे त्यात गेलं ते आपल्या नातवंडांपर्यंत तिथेच राहणार.

मी पाण्याचा माणूस आहे, म्हणून तळमळीने लिहितोय. जुलै-ऑगस्टमध्ये काठावर पाय ठेवायला जागा नसते, गाणी वाजत असतात, मोटरबोटी धावत असतात. लोक येतात, पोहतात, दुसऱ्या दिवशी पुढच्या देशात. माझी विनंती एवढीच की सप्टेंबरमध्ये जा, एकाच घरात जास्त दिवस राहा, घरमालकाला, होडीवाल्याला पैसे द्या. गावाला कळू दे की शांत तळ्यावरही पोट भरतं.

भटक्या_विनू | ६ जुलै, १२:४०

पटलं, मालक. कृष्णाकाठ, माझा दोन दिवसांचा सल्ला मागे घेतो, पण अर्धाच. बितोला एका दिवसात जाऊन येता येतं, ते सोडू नका. केमाल अतातुर्क तिथल्या लष्करी शाळेत शिकला, बाबांना रस असेल.

वडगावची_शुभा | ६ जुलै, १५:०५

येताना-जाताना स्कोप्ये लागणारच असेल तर मदर तेरेसांचं स्मृतिघर बघा. १९१० साली त्यांचा जन्म स्कोप्येत झाला. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला ते १९६३ च्या भूकंपात गेलं, त्याच जागी हे घर आहे. भारतातून आलोय म्हटल्यावर तिथल्या बाईंनी आमचा हातच धरला.

चिंतामणी७ | ६ जुलै, १५:३०

हिवाळ्यात कुणी गेलंय का? जानेवारीत पाण्यात क्रॉस टाकतात असं वाचलं.

इरावती_स | ६ जुलै, १६:१२

हो, १९ जानेवारीला, वोदित्सी, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. बिशप बंदरावरून तळ्यात क्रॉस फेकतात आणि कडाक्याच्या थंडीत शेकडो तरुण उड्या मारतात. ज्याच्या हाती लागेल तो वर्षभर गावाचा मानकरी. काठ माणसांनी फुललेला असतो. आई-बाबांसाठी नाही, तू जा.

कृष्णाकाठ | ६ जुलै, २१:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. आजोबांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि तो वहीत उतरवून घेतला. आईने तावचे ग्रावचेची कृती मागितली आहे, मुक्ताताई, जमल्यास टाका.

ठरलं असं : अख्खा आठवडा ओह्रिद, मुक्काम सपाटीवर, एक दिवस स्त्रुगा, एक दिवस बितोला. आल्बानियात धावत जायचं नाही. ब्लेड बायकोसाठी दिवाळीनंतर.

एकच शंका राहिली. स्वेती नाऊमला बोटीने जावं की टॅक्सीने? आईला बोट लागते.

रानफूल | ६ जुलै, २२:१०

बोटीला दीडेक तास लागतो, आणि दुपारनंतर वारा सुटला तर तळं चांगलं हलतं. जाताना सकाळच्या बोटीने जा, तेव्हा पाणी बहुधा शांत असतं. येताना टॅक्सी किंवा बस करा, रस्ता तिसेक किलोमीटरचाच आहे आणि वाटेत हाडांच्या उपसागराचं संग्रहालय लागतं. पाण्यात खांब रोवून बांधलेली प्रागैतिहासिक वस्ती पुन्हा उभी केली आहे. लाकडी पुलावरून सरळ चालत जायचं, चढ नाही. झऱ्यांवरची होडी मात्र चुकवू नका. ती हलत नाही, आईंना त्रास होणार नाही.

मुक्ता_ले | ६ जुलै, २२:१८

कृती उद्या टाकते. घेवडा रात्रभर भिजवायला सांगा.